दार लावून आंघोळ

वेणी घालता घालता माझे हात आपोआप खाली आले. सकाळची वेळ, आरशासमोर उभी होते. अर्धी वेणी झाली होती आणि मला धाप लागली होती, जिना चढल्यावर लागते तशी. मी कुठलाही जिना चढले नव्हते. पलंगाच्या कडेला बसले, जरा दम खाल्ला आणि राहिलेल्या केसांची तशीच गाठ मारून स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी सात पाहुणे होते आणि त्यांना आठ वाजता घावणे हवे होते.

नागावला आमची लहानशी वाडी आहे. नारळी-पोफळीत तीन खोल्या बांधून बारा वर्षं झाली. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची माणसं येऊन राहतात. खोल्या, शिंपणं, पाहुण्यांची ने-आण हे नवऱ्याचं काम आणि जेवण माझं. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. पाहुणे जेवणाचं कौतुक करून जात आणि पुढच्या वर्षी परत येत. या एका गोष्टीचा मला फार अभिमान होता, तो आजही आहे.

धापेला मी आधी वय म्हटलं, मग पित्त म्हटलं, मग वजन म्हटलं. पायातली जोडवी रुतायला लागली तेव्हा ती काढून डबीत ठेवली. एका उशीवर झोप येईना म्हणून दोन घेतल्या, मग तीन. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, पण ‘मला कुठे काय होतंय’ म्हणून त्या मी वर्षभरापूर्वीच स्वतःच्या मनाने बंद केल्या होत्या. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पाहुणे गेल्यावर मी खोलीतली चादर काढायला वाकले आणि वर येताच येईना. नवऱ्याने गाडी काढली आणि मला अलिबागच्या एका दवाखान्यात नेलं.

तिथे पाच दिवस होते. अंगातलं पाणी उतरवलं, गोळ्या लावल्या. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, “हृदय बंद पडलेलं नाही. अशक्त झालंय. जेवढं रक्त पुढे ढकलायला हवं तेवढं ढकलत नाही, म्हणून पायात आणि छातीत पाणी साठतं. गोळ्या नेमाने घ्या, मीठ तोडा, पाणी मोजून प्या, रोज सकाळी वजन करा.” मला सगळं समजलं. नवरा मात्र तेव्हा औषधं आणायला खाली गेला होता. त्याने घरी आल्यावर दवाखान्याचा कागद वाचला. त्यावर इंग्रजीत आजाराचं नाव होतं, त्यातले दोन शब्द त्याला चांगले ओळखीचे होते. हार्ट आणि फेल.

आमच्याकडे ‘हार्ट फेल झालं’ याचा अर्थ एकच. तेराव्याचं आमंत्रण.

तो अंगणात गेला आणि पेणला माझ्या भावाला फोन लावला. इतके दिवस त्याने माहेरी काहीच कळवलं नव्हतं, ती टोचणी होतीच. आवाज रडवेला. “हिचं हार्ट फेल झालं हो,” एवढं बोलला आणि पुढे त्याला बोलवेना. फोन ठेवून दिला. मी आत पडून होते, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दुपारी मी पडवीत खुर्चीवर बसले होते, पाय स्टुलावर. तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला आणि फाटकापासूनच हंबरडा ऐकू आला. “माझी बाय गो! कशी सोडून गेलीस गो!” आवाज माझ्या वहिनीचा होता. मागोमाग भाऊ, दोन चुलते, माहेरच्या शेजारणी. वहिनी छाती पिटत पडवीपर्यंत आली, डोळ्यांवरचा पदर बाजूला केला आणि समोर मी.

“तू हायस?” ती म्हणाली.

“हाय,” मी म्हटलं.

ती मटकन पायरीवर बसली. भाऊ हातातला हार पाठीमागे लपवायला लागला, पण हार मोठा होता. चुलत्याने तो हळूच घेऊन पेरूच्या झाडाला अडकवला. हसावं की रडावं हे कुणालाच कळेना. मला हसू आलं आणि हसण्याने धाप लागली, मग सगळे पुन्हा घाबरले. नवरा चहाचं आधण ठेवायला म्हणून आत पळाला. वहिनी त्याच्या मागे गेली.

“दाजी, फेल म्हंजे काय ओ? पोर नापास झालं म्हनून काय मरतंय? पुन्हा बसवतात त्याला परीक्षेला!”

त्या संध्याकाळी टेम्पो परत गेला. वहिनी गेली नाही. “आठ दिस ऱ्हाते,” म्हणाली. ती जवळजवळ पाच महिने राहिली.

आता त्या पाच महिन्यांबद्दल. मला बघायला येणारं प्रत्येक जण म्हणायचं, “दिसतेस तर बरी.” आणि मी खरंच बरी दिसत होते. सूज उतरली होती, चेहऱ्यावर तेज होतं, खुर्चीत बसून मी कितीही वेळ गप्पा मारू शकत होते. कुणाला दिसत नव्हतं ते हे की त्या गप्पा मारायला खुर्चीपर्यंत येण्यात माझी सकाळ संपलेली असे. चूळ भरायला वाकलं की धाप. साडीच्या निऱ्या घालताना धाप, म्हणून गाऊन. संडासात बसून उठताना डोळ्यांपुढे अंधारी. चालता चालता बोलता येत नसे. एक तर चालायचं, नाहीतर बोलायचं. खाली जमिनीवर विळीवर बसून मी आयुष्यभर नारळ खवले, आता जमिनीवर बसले तर उठवायला दोन माणसं लागत.

आणि आंघोळ. आंघोळ म्हणजे किती कामं असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. कपडे उतरवायचे, वाकून बादलीतून तांब्या भरायचा, डोक्यावर उचलायचा, पाठीला हात न्यायचा, पाय घासायला पुन्हा वाकायचं, मग अंग पुसायचं, मग ओल्या अंगावर कपडे चढवायचे. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तिसऱ्या तांब्याला न्हाणीच्या भिंतीला टेकले आणि हाक मारली. तेव्हापासून वहिनी मला आंघोळ घालायला लागली.

ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. हात खरखरीत, पण माया फार. तरीही रोज सकाळी तिच्यासमोर लहान पोरासारखं उघडं बसायचं, हात वर कर म्हटलं की वर करायचा, याने मी आतून अगदी खचत गेले. तिला ते कळत होतं. ती पाणी ओतताना सतत काहीतरी बोलत राहायची, गावातली लग्नं, कुणाची म्हैस व्याली, नवा रस्ता कुणाच्या शेतातून जाणार. मी भिंतीकडे बघत ‘हं, हं’ करायची.

महिन्याने दवाखान्यात दाखवायला गेलो. तिथे निवृत्तीला आलेल्या एक सिस्टर होत्या, जाड चष्म्याच्या. गोळ्यांचा कागद बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, “घरी काय काय जमत नाही?”

मी म्हटलं, “सगळंच.”

“सगळंच म्हणू नका. सकाळी डोळा उघडल्यापासून मला क्रमाने सांगा.”

मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या. मध्येच थांबवून त्या विचारत, हे उभ्याने का करता? हे वाकून का? याच्यानंतर बसता का? सांगता सांगता आंघोळीपाशी आले. वहिनीने माझ्याऐवजी सांगितलं, “ती मी घालते.”

सिस्टरांनी चष्मा काढून ठेवला. “एकच गोष्ट परत मिळवायची म्हटली तर कुठली?”

मला वाटलं मी स्वयंपाक म्हणेन. तोंडातून निघालं, “आंघोळ. दार लावून, एकटीने.”

“मग तिथूनच सुरुवात करू,” त्या म्हणाल्या. “एका दिवसात नाही. दर आठवड्याला त्यातलं एक काम तुमच्याकडे घ्या, बाकीचं वहिनींकडे राहू द्या. वाकायचं नाही, हात खांद्याच्या वर धरून ठेवायचा नाही, जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. दाराला कडी घालायची नाही, नुसतं लोटायचं. जेवल्यावर लगेच नाही, कढत पाण्याने नाही. आणि दमायच्या आधी बसायचं, दमल्यावर नाही.”

हे शेवटचं मला सर्वांत जड गेलं. मी आयुष्यभर काम संपल्यावर बसलेली बाई. वहिनीला मात्र ते पटकन समजलं. लग्न होऊन आली तेव्हा आमची मिठागरं होती, तिने त्यात पंधरा वर्षं काढली. ती म्हणाली, “मिठागरात म्हाताऱ्या अर्धीच टोपली घेत बांधावर जायला. आमी तरन्या पोरी भरून घेत, आनि दुपारी आडव्या पडत. संध्याकाळी बघावं तर म्हातारीचा ढीग आमच्याएवढाच. तू अर्धी बादली घे.”

नवऱ्याने न्हाणीची मांडणी बदलली. दवाखान्याचा कागद वाचून त्याने जो गोंधळ घातला होता त्याचं सगळं प्रायश्चित्त त्याने त्या न्हाणीत घेतलं. पंपाच्या जुन्या पाइपचा तुकडा कापून भिंतीत दांडी बसवली, बादलीसाठी कमरेएवढा कट्टा बांधला, म्हणजे वाकायला नको. खाली खरबरीत फरशी, वर प्लास्टिकची खुर्ची. पितळेचा तांब्या जाऊन हलका मग आला. केसांचा निर्णय मी घेतला. अलिबागला एका पार्लरमध्ये गेले आणि कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापले. पार्लरवालीने दोनदा विचारलं, नक्की ना? घरी आल्यावर नवरा माझ्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मान दिसते आता तुझी.” मला ते आवडलं.

पहिल्या आठवड्यात मी फक्त तोंड आणि हात स्वतः धुतले. दुसऱ्या आठवड्यात छाती-पोट. पुढे पाय, पण वाकून नव्हे. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन. पाठीसाठी वहिनीने जुन्या पंच्याची लांब पट्टी शिवली, दोन्ही टोकांना धरून ओढायची. अंग पुसण्याच्या खटपटीत जास्त धाप लागते म्हणून सिस्टरांनी युक्ती सांगितली होती, टॉवेलच्या कापडाचा सैल झगा शिवा, ओल्या अंगावर घालून खुर्चीत बसा, झगाच पाणी टिपून घेतो. वहिनीने तो एका दुपारी हाताने शिवला. त्या झग्यात मी फार विचित्र दिसायची.

सगळं सरळ चढत गेलं असं मात्र नाही. मिठाचं पथ्य मला फार छळत होतं. मिठागरवाल्यांची लेक मी, जेवताना पानात मिठाचा खडा नसला तर जेवल्यासारखं वाटत नसे. वहिनी माझ्यासाठी आमसूल, कैरी, लिंबू, ओली मिरची यांच्या जोरावर कालवण करायची, नवराही तेच निमूट जेवायचा. एप्रिलमध्ये एकदा दोघंही चौलला देवदर्शनाला गेली. घरात मी एकटी होते आणि फळीवर खाऱ्या सुकटीचा डबा होता. मी सुकट भाजली, कांदा-मिरची घातली, भाकरीबरोबर खाल्ली. दुसऱ्या दिवशी उरलेली, चोरून. इतकं चविष्ट मी कित्येक महिन्यांत काही खाल्लं नव्हतं. तिसऱ्या सकाळी काटा दोन किलोने पुढे गेला होता आणि पायावर बोट दाबलं की खळगा पडत होता. दवाखान्यात जावं लागलं, सुई घ्यावी लागली, आणि न्हाणीतली माझी सगळी कमाई पाण्यात गेली. पुन्हा तोंड आणि हात.

मी वहिनीला खरं सांगितलं. वाटलं, चिडेल. ती डबा घेऊन मागच्या दारी गेली आणि सगळी सुकट मांजरांपुढे ओतली. परत येऊन म्हणाली, “ती खूश झाली. चल, उद्यापासनं परत.”

जूनच्या शेवटी, एका बुधवारी, मी म्हटलं, “वहिनी, आज तू बाहेर बस.”

तिने सगळं हाताशी मांडून दिलं. अर्धी बादली कोमट पाणी, साबण, मग, पट्टी, झगा. मी दार लोटून घेतलं. ती दाराबाहेर पाट टाकून बसली आणि दर मिनिटाला विचारायला लागली, “हायस ना?”

“हाय.”

थोडा साबण लावला, बसले. पाणी घेतलं, श्वास सोडत खांद्यावर ओतलं.

“हायस ना?”

“हाय गो!”

एक पाय, मग बसले. दुसरा पाय, मग बसले. त्या बसण्यात मला वाडीतला आवाज ऐकू आला, पानांवरून ठिबकणारं पाणी, कुठेतरी नारळ पडल्याचा धप्प. किती महिन्यांत मी न्हाणीत दुसऱ्या कुणाच्या बोलण्याशिवाय काही ऐकलं नव्हतं. शेवटी मान मागे टाकून केसांवर पाणी घेतलं. छोट्या केसांना तीन मग पुरले. पाणी कानांवरून जात असताना बाहेरचा प्रश्न मला ऐकू आला नाही, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही, आणि वहिनीने दारावर अशी थाप मारली की नवरा पंपाचं बटण बंद करून धावत आला. “अहो, जिवंत आहे मी!” आतून ओरडले. पूर्ण वाक्य, एका दमात. ते ओरडल्यावरच मला कळलं की मला धाप लागलेली नाही.

अर्धा तास आणि वर काही मिनिटं लागली. झगा घालून, तो टिपेपर्यंत बसून, कपडे करून मी दार उघडलं. वहिनी पाटावरून उठली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ढसाढसा रडली. फाटकापासून रडत आली होती त्या दिवशी तिच्या डोळ्यांत इतकं पाणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. नवऱ्याने विचारलं, “चहा टाकू?” आणि तिघांसाठी टाकला. मी माझा भाग मोजून प्यायले.

पुढच्या आठवड्यात वहिनी घरी गेली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला चालत गेले, वाटेत एकदा थांबले. जाताना ती म्हणाली, “आता बोलावलंस तर जेवायलाच बोलाव.”

जेवण परत हाती यायला आणखी दोन महिने गेले. ओट्याशी उंच स्टूल आलं, खवणी टेबलाला पेचाने बसवली, मोठं पातेलं उचलायचं नवऱ्याकडे दिलं. भाजी आदल्या संध्याकाळी बसून चिरायची, वाटण सकाळी, मध्ये अर्धा तास पाय वर करून पडायचं. गणपतीनंतर आम्ही एक खोली उघडली. चार माणसांचं जेवण मी केलं, मीठ वेगळं वाढलं. त्यातल्या एका बाईंनी आमटी दोनदा मागून घेतली आणि वाटणात काय घातलंय ते विचारलं. मी स्टुलावर बसूनच सगळी कृती सांगितली, बोलताना ढवळतही होते.

ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे दाखवायचं होतं. मार्चमध्ये गेलो तेव्हा नवऱ्याने मला गाडीने रस्त्याने नेलं होतं. तिथे सहा मिनिटं चालायची तपासणी असते, लांब बोळातून इकडून तिकडे. तेव्हा मी दुसऱ्या फेरीला खुर्ची मागितली होती. या वेळी पाऊस संपून मांडव्याच्या बोटी सुरू झाल्या होत्या आणि नवऱ्याला घरी पाहुणे होते.

“मी एकटी जाते बोटीने,” मी म्हटलं.

“जेट्टी केवढी लांब आहे!”

“लांब आहे म्हणून तासभर आधी सोडा.”

त्याने सोडलं. मी जेट्टीवरून माझ्या चालीने चालले. घाईची माणसं बॅगा ओढत दोन्ही बाजूंनी पुढे गेली, गेली तर गेली. तीनदा थांबले, कठड्याला टेकून समुद्र बघितला, दमायच्या आधीच. बोटीत चढताना खलाशाने हात पुढे केला, तो घेतला. गेटवेच्या ओल्या पायऱ्या एकेक करून चढले, दोन पायऱ्यांनंतर श्वास, पुन्हा दोन. मागून कुणीतरी ‘मावशी, सावकाश’ म्हणालं. मी सावकाशच होते.

बोळात तपासणीच्या मुलीने घड्याळ लावलं. मी चालायला लागले. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीजवळून पाच वेळा गेले असेन. तिने ‘थांबा’ म्हटलं तेव्हा मी अजून चालतच होते. डॉक्टरांनी कागद बघितला, फुगे बघावेत तसे माझे घोटे दाबून बघितले आणि म्हणाले, “काय केलंत?”

मी म्हटलं, “आंघोळ.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं, दांडी, कट्टा, पट्टी, अर्धी बादली. त्यांनी आपल्या मदतनीस बाईंना बोलावून ते लिहून घ्यायला सांगितलं. हृदयाची ताकद पूर्ववत झालेली नाही, तीही थोडी सुधारली आहे इतकंच, गोळ्या कायमच्या आहेत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला ते आधीच माहीत होतं.

परतीच्या बोटीत मला खिडकीजवळची खालची जागा मिळाली होती. वरच्या डेकला जाणारी लोखंडी शिडी अरुंद आणि उभी. बोट बंदरातून बाहेर पडेपर्यंत मी तिच्याकडे बघत बसले. मग पिशवी शेजारच्या बाईंकडे ठेवायला दिली, दांडी धरली आणि चढले. चार पायऱ्या, श्वास, चार पायऱ्या. वर ऊन होतं, वारा होता, बोटीमागे पांढऱ्या पक्ष्यांची झुंबड लागली होती. माझे केस तोंडावर यायला लागले. दोन्ही हात वर करून मी ते कानांमागे सारले आणि बाकावर बसले, अगदी पुढच्या.